रत्नागिरी जिल्ह्यांतील पेन्शनर शिपायांची स्मृति व तिचीं साधनें

१. युद्धांत पडलेल्या वीराची स्मृति राखण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. गांवोगांवचे वीरगळ हा तिचा पुरावा होय. परंतु जो शिपाई लढून जिवंत परतला, वीस-पंचवीस वर्षें चाकरी करून पेन्शनीवर घरीं आला आणि आपल्या अंथरुणावर निवर्तला, त्याच्यासाठीं कोणी दगड उभा केला नाहीं. वास्तविक समाजस्थितींत जो पालट झाला, तो पुष्कळ अंशीं या परतलेल्यांनीं घडविला. रत्नागिरी जिल्ह्यापुरतें तरी हें विधान साधार आहे असें दाखवावें, व अशा लोकांचा इतिहास कोणत्या साधनांनीं जुळवितां येईल हें सांगावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. आरंभ कोरेगांव भीमा येथील जयस्तंभापासून करणें सोयीचें होईल. १ जानेवारी १८१८ रोजीं तेथें कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील मुंबई लष्कराची पलटण पेशव्यांच्या फौजेशीं दिवसभर लढली. १८२१ सालीं स्तंभाचा पाया घालण्यांत आला. त्यावर कामीं आलेल्यांचीं ४९ नांवें आहेत व त्यांपैकीं २२ नांवें ‘नाक’ या पदानें संपतात. सोमनाक कमलनाक नाईक, रायनाक येसनाक नाईक, रामनाक येसनाक अशीं तीं आहेत. हे शिपाई महार समाजाचे, हें या पदावरूनच कळतें.

‘नाक’ या पदाची व्युत्पत्ति कोणी ‘नायक’ शब्दापासून लावतात, कोणी ‘नाग’ शब्दापासून. पहिली मान्य केल्यास ‘सोमनाक कमलनाक नाईक’ या एका नांवांत एकच संस्कृत शब्द तीनदां आला असें होतें: दोनदां नामांत व एकदां हुद्द्यांत. मात्र ‘नायक’ याचें ‘नाईक’ हें रूप मराठींत रूढ असतां त्याच शब्दाचें ‘नाक’ कसें झालें, याची मधली पायरी त्या पक्षानें दाखविली पाहिजे. आणि ‘नाग’ म्हणणारांनीं गकाराचा ककार कां झाला हें सांगितलें पाहिजे. तूर्त हा वाद बाजूस ठेवूं. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, या यादींत शिपायाचें नांव आहे, बापाचें नांव आहे, समाजही ओळखतां येतो; परंतु गांव नाहीं. यांतील कोंकणचे किती व देशावरचे किती, हें केवळ स्तंभ वाचून सांगतां येत नाहीं.

३. गांवाचा पत्ता लागतो तो पेन्शनरांच्या पिढ्यांत. १८१८ नंतर दक्षिण कोंकणाचें लष्करी ठाणें दापोली येथें होतें. म्हणून ‘कँप दापोली’ हें नांव पडलें. १८४० च्या सुमारास तेथील नियमित पलटणी काढून घेण्यांत आल्या. उतारवयाच्या शिपायांची ‘व्हेटरन बटालियन’ तेवढी १८५७ पर्यंत राहिली. छावणी गेली, तरी निवृत्त शिपायांची वस्ती दापोलीस टिकून राहिली. या माणसांनीं पलटणींत असतांना दूरदूरचे प्रांत पाहिले होते. पलटणीच्या शाळांतून त्यांच्या मुलांस अक्षरओळख झाली होती, आणि तीही अशा काळीं कीं जेव्हां गांवच्या शाळेचें दार त्यांस बहुधा बंद असे.

गोपाळबाबा वलंगकर हे या वस्तींतील ठळक पुरुष होत. ते १८८६ सालीं हवालदार म्हणून निवृत्त झाले व दापोलीस राहिले. १८८८ सालीं त्यांनीं ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. पुढें ‘अनार्य दोष-परिहारक मंडळी’ स्थापन केली. १८९५ सालीं महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. दुसरे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबवडे. लष्करी शाळेंत मुख्याध्यापकी करून निवृत्त झाल्यावर तेही कांहीं काळ दापोलीस राहिले. त्यांचे चिरंजीव भीमराव हेच पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. आंबवडे गांवावरून या घराण्यास ‘आंबवडेकर’ म्हणत, हें प्रसिद्धच आहे. स्तंभावरील ‘नाक’पदानें बापाचा वंश सांगितला; या ‘कर’प्रत्ययानें गांव सांगितलें.

४. या लोकांस आपल्या चाकरीची आठवण राखणें ही केवळ अभिमानाची बाब नव्हती. १८९२-९३ च्या सुमारास सरकारनें लष्करांतील महारांची भरती बंद केली. ज्या नोकरीनें भाकरी, अक्षर व मान हीं तिन्ही दिलीं, तीच गेली. तेव्हां १८९४ सालीं वलंगकरांनीं सरसेनापतीस उद्देशून अर्ज तयार केला. १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं तीच मागणी भारतमंत्र्यापर्यंत नेली. पूर्वजांनीं बजावलेली सेवा हा अशा मागणीचा मोठा आधार होता. पुढें पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांव येथें महार रेजिमेंटची स्थापना झाली व तिच्या पहिल्या चिन्हांत कोरेगांवचा स्तंभ घेण्यांत आला. सारांश, ज्याची नोंद टिकली त्याला हक्क मागतां आला.

५. महायुद्धांत कोंकणांतून मराठा, महार, मुसलमान अशा सर्वच समाजांचे लोक गेले. युद्धानंतर सरकारनें कित्येक गांवांत संगमरवरी फलक लावले. या गांवांतून इतके जण १९१४ ते १९१९ च्या युद्धास गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच त्यांवर मजकूर असतो. स्तंभावर नांव आहे, गांव नाहीं. फलकावर गांव आहे, नांव नाहीं. या दोहोंच्या मधली जागा भरून काढणें हें संशोधकाचें काम आहे.

इतर देशांत हें काम झालें आहे. अमेरिकेंत २००० सालीं कायदा करून तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांत, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें, निवृत्त सैनिकांच्या तोंडच्या आठवणी, पत्रें व छायाचित्रें जमविण्याचा उपक्रम सुरू झाला. सेनापति व साधा शिपाई असा भेद त्यांत केला जात नाहीं. पहिल्या महायुद्धांतील पंजाबी शिपायांच्या गांववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयांत राहिल्या होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर अभ्यासकांस पाहतां येऊं लागल्या. त्यांत पडलेल्यांबरोबर परतलेल्यांचीही नोंद आहे.

६. आपल्याकडे साधनें आहेत, तीं बहुतेक घरोघरीं विखुरलेलीं. पहिलें साधन पदक. महायुद्धाच्या पदकाच्या पुढच्या बाजूकडे सर्वजण पाहतात. परंतु त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. दुसरें, निवृत्तीचा दाखला व पेन्शनचे कागद. तिसरें साधन माझ्या धंद्यांतील असल्यानें मुद्दाम सांगतों. शाळेच्या जनरल रजिस्टरांत जन्मस्थळाचा रकाना असतो. दापोलीकडील मुलाच्या नांवापुढें महू किंवा अशाच एखाद्या छावणीचें नांव आढळलें, तर बाप लष्करांत असावा असा तर्क करण्यास जागा होते. अर्थात् हा तर्कच. त्यास दुसऱ्या कागदाचा दुजोरा हवा. तो बेळगांव येथील मराठा व सागर येथील महार रेजिमेंटच्या केंद्रांकडे विचारणा करून मिळूं शकेल. मात्र क्रमांक ठाऊक असल्यास शोध सुकर होतो.

कांहीं वर्षांपूर्वीं दापोली तालुक्यांतील एका घरीं मीं अशाच एका पदकाची चौकशी केली. घरच्या वृद्ध बाई म्हणाल्या, “गुरुजी, तें चांदीचें होतें. मामंजींच्या मागें आम्हीं तें मोडलें आणि पावसाच्या आधीं कौलें घेतलीं.” त्यांस दोष कोण देईल? डोक्यावर छप्पर हवेंच होतें. परंतु कौलांबरोबर घरांत आलेल्या पैशांत त्या शिपायाचा क्रमांक गेला, पलटण गेली. आतां तो कोणत्या मुलुखांत लढला हें सांगणारा दुसरा कागद त्या घरीं नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति अशी कीं, ज्यांच्या घरीं असें पदक, दाखला किंवा पत्र असेल, त्यांनीं निदान त्याची अक्षरशः नक्कल करून ठेवावी, आणि घरांतील वृद्धांस शिपाई आजोबांचें नांव, गांव व पलटण या तीन गोष्टी विचारून त्याखालीं लिहाव्या. मूळ वस्तु कोणास द्यावी लागत नाहीं. या तीन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे फलकावरील आंकड्यांतून माणूस वेगळा काढतां येतो.