स्थानिक संस्थांचा आवाज वरिष्ठ कायदेमंडळांत कोणत्या वाटेनें जाई

जुनीं दप्तरें चाळतांना नगरपालिका व लोकल बोर्डें यांचीं कार्यवृत्तें आपण बहुधा बाजूस सारतों. रस्ते, गटारें व दिवाबत्ती यांपलीकडे त्यांत कांहीं नसावें, असा समज असतो. तो यथार्थ नाहीं, हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

(१) १८९२ च्या कौन्सिल कायद्यांत निवडणूक हा शब्दच नव्हता. तथापि त्याखालील नियमांन्वयें मुंबई इलाख्याच्या कौन्सिलांतील कांहीं जागांसाठीं नांवें सुचविण्याचा अधिकार मुंबई कॉर्पोरेशन, नगरपालिका व लोकल बोर्डें यांस मिळाला. नेमणूक सरकार करी. व्यवहारांत ती निवडणूकच होती. १८९५ सालीं मध्यभागांतील लोकल बोर्डांनीं लोकमान्य टिळकांस निवडून दिलें, तें याच वाटेनें.

(२) इलाख्याच्या कौन्सिलाचे बिनसरकारी सभासद आपल्या वतीनें एक प्रतिनिधि व्हाइसरॉयच्या कौन्सिलावर पाठवीत. १८९९ सालीं मध्यभागांतील स्थानिक संस्थांच्या मतांवर मुंबईच्या कौन्सिलांत आलेले गोपाळ कृष्ण गोखले याच पायरीनें पुढें कलकत्त्यास पोहोंचले.

(३) या वाटेचें फळ १९११ च्या मार्चांत दिसलें. गोखल्यांनीं मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकांत सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांसच द्यावयाचा होता; खर्चाचा एक तृतीयांश त्यांनीं व बाकीचा सरकारनें सोसावा, अशी त्यांची योजना होती. विधेयकावर ठिकठिकाणांहून मतें मागविण्यांत आलीं. १९१२ सालीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें फेटाळलें गेलें. मात्र १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस तसा अधिकार मिळाला.

(४) आज स्थिति निराळी आहे. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदान्वयें विधानपरिषदेच्या सुमारें एक तृतीयांश जागा स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात. परंतु राज्यसभेच्या निवडणुकींत राज्यांतर्फे मत असतें तें विधानसभेच्या निर्वाचित सभासदांस, विधानपरिषदेच्या सभासदांस नव्हे. १९९२ सालीं मंजूर झालेल्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्यांनीं स्थानिक संस्थांस घटनेचा आधार दिला. संसदेंत जागा मात्र दिली नाहीं. शिडी राहिली, तिची वरची पायरी गेली.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, १८९२ ते १९१२ या काळांतील एखाद्या नगरपालिकेचें वा बोर्डाचें कार्यवृत्त हातीं आल्यास तें रद्दींत जाऊं देऊं नये. प्रतिनिधीस कोणीं मत दिलें आणि शिक्षणाच्या विधेयकावर गांवाचें म्हणणें काय होतें, याचा पुरावा त्या जीर्ण पानांतच सांपडण्याचा संभव आहे.