विश्रामबागवाडा : सागवानी चौकटीचे घर

पुण्याच्या सदाशिव पेठेतला विश्रामबागवाडा ज्या रस्त्यावर आहे, त्याला थोरल्या बाजीरावांचे नाव आहे. वाडा मात्र दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा. सहा वर्षे काम चालून १८०७ मध्ये तो पुरा झाला. खर्च आला दोन लाख रुपये. पेशव्यांचा शनिवारवाडा हा गढीसारखा, बुरुजांचा आणि बंद. विश्रामबाग हे राहते घर, म्हणून त्याचे तोंड रस्त्याकडे मोकळे आहे. बाजीरावाला तो दहा-अकरा वर्षेच लाभला. १८१७ च्या इंग्रजांशी झालेल्या खडकीच्या लढाईनंतर त्याने पुणे सोडले, आणि पुढचे आयुष्य ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला गेले.

वाड्याचे मर्म त्याच्या लाकूडकामात आहे. दर्शनी भागात सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे कोरीव खांब आहेत. माथ्याशी केळफुलाची नक्षी, खांबांमध्ये महिरपी, वर पुढे आलेला सज्जा. पण नक्षीपेक्षा जोडणी पाहण्यासारखी आहे. वाड्यांच्या बांधणीत खांब जमिनीत पुरत नाहीत. तो दगडी तळखड्यावर उभा राहतो, म्हणजे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहज चढत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर: हाच कडीपाट. एकाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसते. भार ही चौकट पेलते; मधली वीटबांधणी बरीचशी भरावाची. त्यामुळे एक खांब किडला तर शेजारी टेकू देऊन तेवढाच बदलता येतो. पुण्याच्या सुतारांची ही अक्कल थक्क करणारी आहे.

इंग्रजी अमलात वाडा रिकामा राहिला नाही, हे त्याचे मोठे भाग्य. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्याच दक्षिणेच्या रकमेतून १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज झाले. नंतर सरकारी कचेऱ्या आल्या, टपाल कार्यालय आले, नगरपालिकेचा कारभारही येथून चालला. आगीतूनही तो बचावला. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, पेशव्यांचा बुधवारवाडा १८७९ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात विश्रामबागेलाही आग लागली आणि पूर्वेची बाजू जळाली. नगरपालिकेने लोकवर्गणीच्या मदतीने ती पुन्हा उभारली. म्हणजे रस्त्यावरून जाणारा माणूस ज्या बाजूकडे पेशवाईची शोभा म्हणून पाहतो, तिच्यात पुणेकरांच्या वर्गणीचाही वाटा आहे. ही गोष्ट पेशव्यांच्या नावाइतकीच अभिमानाने सांगायला हवी.

महापालिकेने अलीकडच्या काळात टप्प्याटप्प्याने डागडुजी केली आहे. चिंता तरी उरतेच. कौले सरकली की पावसाचे पाणी आधी कडीपाटाच्या मातीत मुरते. छताला डाग दिसेपर्यंत कडीचे भिंतीतले टोक आतून कुजू लागलेले असते, आणि नुसते पाहून ते कळत नाही. चुन्याच्या जागी सिमेंट लिंपले तर भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती लाकडाकडे वळते. खांब-कड्या बदलायला तेवढ्या जाडीचे जुने, मुरलेले सागवान मिळणे कठीण. बहुतेक वेळा पडलेल्या वाड्यांतूनच ते येते. चुना मळणारे हात कमी झाले आहेत, आणि जुने कुसू न फोडता सोडवणारे सुतारही. बाहेर बाजीराव रस्त्यावर वाहनांचा धूर आणि हादरे दिवसभर चालू असतात. म्हणून मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा वाड्याला दरवर्षी लागते ती पावसाळ्याआधीची साधी फेरी: कौले चाळायची, पन्हळी साफ करायच्या, कड्या भिंतीजवळ ठोकून आवाज ऐकायचा.