पोट लपवू नका

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात गरोदर मुली जे विचारतात त्यात गेल्या काही वर्षांत एका प्रश्नाची भर पडली आहे. पपई खाऊ का, लोकलनं जाऊ का, आणि ‘डॉक्टर, आमची पीआरची फाइल चालू आहे, त्यांना हे कळवायचं का?’ हा शेवटचा प्रश्न बहुधा नवरा विचारतो, तोही आवाज खाली आणून.

पीआर म्हणजे परदेशातल्या कायम वास्तव्याचा परवाना. माझ्याकडे येणाऱ्यांत तो बहुतेकदा कॅनडाचा असतो, खालोखाल ऑस्ट्रेलियाचा. आणि कुणा एजंटानं त्यांच्या मनात भरवलेलं असतं की बायको गरोदर आहे म्हटलं की फाइल आपटते. (कॅनडाच्या फाइलचा सल्ला पैसे घेऊन देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि तिथल्या परवानाधारक सल्लागारांनाच आहे. ‘तुमच्या एजंटाकडे तो परवाना आहे का?’ असं विचारलं की समोरचा माणूस मोबाइल चाळायला लागतो.)

गरोदरपण हे नकाराचं कारण नाही, कॅनडात नाही आणि ऑस्ट्रेलियातही नाही. पोटातलं बाळ फॉर्मवर मोजलंही जात नाही. ते जन्मेपर्यंत कुटुंब दोघांचंच. अडतं ते मेडिकलपाशी, आणि तेही एकाच चाचणीपाशी: छातीचा एक्स-रे. तो क्षयरोगासाठी काढतात. अकरा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो द्यावा लागतो आणि भारतासारख्या देशातून जाणाऱ्यांच्या बाबतीत त्याकडे जास्तच बारकाईनं पाहतात. हे मेडिकल त्या देशानं नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडेच करावं लागतं. माझं सर्टिफिकेट तिथं चालत नाही, हे ऐकून काही सासरे माझ्यावरच नाराज होतात.

छातीच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग 0.01 मिलिग्रे किंवा त्याहूनही कमी असतो. बाळाला इजा होण्याची काळजी 50 मिलिग्रेच्या खाली आम्ही करत नाही. म्हणजे पोटावर शिशाचं आवरण घेऊन, बाईच्या लेखी संमतीनं हा एक्स-रे काढता येतो. पण तिला नको असेल तर तो बाळंतपणानंतर काढू द्यावा लागतो. फाइल तोवर थांबते, बंद होत नाही. घाई नसेल तर थांबा, असं मी सांगते. घाई असेल तर निदान पहिले तीन महिने जाऊ द्या. एक्स-रेचा धोका मोठा म्हणून हे सांगत नाही. त्या काळात गर्भपात आपोआपही होतात आणि झालाच तर ती मुलगी जन्मभर त्या फिल्मला दोष देत बसते. जुन्या क्षयाचा डाग दिसला तर थुंकीची कल्चर तपासणी मागतात. तिचा निकाल यायला आठ आठवडेही जातात, हेही हिशेबात धरावं.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या पीआर योजनेत बोलावणं आलं की साठ दिवसांत सगळे कागद भरायचे असतात आणि 2025च्या ऑगस्टपासून मेडिकलही फाइलसोबतच द्यावं लागतं. एक्स-रे मागे ठेवलेल्या जोडप्यानं पॅनेल डॉक्टरांचा कागद घ्यावा आणि फाइलला खुलाशाचं पत्र जोडावं. त्यात प्रसूतीची अपेक्षित तारीख सरळ लिहावी. मी ती सोनोग्राफीवरून लेटरहेडवर लिहून देते.

खरी धावपळ बाळ झाल्यावर. कॅनडाच्या बाबतीत अर्ज मंजूर होण्याआधी किंवा तिकडे पाय ठेवण्याआधी बाळ जन्मलं तर ते लगेच कळवून फाइलमध्ये घालावं लागतं. त्यासाठी जन्मदाखला आणि पासपोर्ट हवा. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालय माहिती पाठवतं, दाखला महापालिकेच्या वॉर्डात मिळतो: मुलुंडला टी, घाटकोपरला एन, बोरिवलीला आर मध्य. आणि इथं आजी आडव्या येतात. बारशाला अमक्या अक्षरावरून नाव, मग आत्याला ते पसंत नाही, मग नाव पुढच्या महिन्यावर. नोंदीत नाव नसलं तरी कायद्यानं बिघडत नाही, ते मागाहून घालता येतं. पण नावाशिवायच्या दाखल्यावर पासपोर्ट होत नाही. म्हणून अशा घरांना मी सातव्या महिन्यातच सांगते, मुलाचं आणि मुलीचं, दोन्ही नावं ठरवून ठेवा. त्यातच 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आईचं नाव आलं आहे, म्हणजे चार शब्द. दाखला, पासपोर्ट आणि फॉर्म, तिन्हीकडे त्यांचा क्रम एकच ठेवावा.

पासपोर्टला अंधेरी किंवा मालाडचं केंद्र. मुलुंडकरांना ठाणं जवळ. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरूनच न्यावा लागतो. महिन्याच्या बाळाला डोळे उघडे ठेवून, मान सरळ धरून फोटोत बसवणं ही कला आहे. पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढावा. बाळाचं मेडिकल मात्र सोपं असतं, डॉक्टर नुसते तपासतात, एक्स-रे नाही.

माणसं वाढली की कॅनडासाठी बँकेत दाखवायची रक्कमही वाढते. 2025च्या जुलैत ठरलेल्या आकड्यांप्रमाणे दोघांसाठी 19,001 कॅनेडियन डॉलर, तिघांसाठी 23,360. हे ऐकून काही नवरे म्हणतात, तिकडे पोहोचल्यावर सांगू, मग बाळाला बोलावून घेऊ. हे मात्र करू नका. कॅनडाच्या नियमांत 117(9)(ड) हे कलम आहे. पीआर घेताना जे मूल जाहीर केलं नाही आणि म्हणून तपासलं गेलं नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावता येत नाही. फिलिपिन्समधून गेलेल्या डी गुझमन नावाच्या बाईंनी 1993 मध्ये तिकडे उतरताना एका मुलीचं नाव सांगितलं, मागे राहिलेल्या दोन मुलग्यांचं सांगितलं नाही. पुढे नागरिक होऊनही त्यांना ते दोघे आणता येईनात आणि 2005 मध्ये अपील न्यायालयानं नियमच उचलून धरला. 2019च्या सप्टेंबरात सरकारनं काहींना तात्पुरती सवलत दिली, पण तिच्या भरवशावर तान्हं मूल मागे ठेवणं मला धाडसाचं वाटतं. वर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षांची बंदी. आणि हे सोबत न येणाऱ्या बायकोलाही लागू आहे: ‘ती नंतर येईल’ म्हणून तिचं नाव गाळायचं नाही. न येणाऱ्या बायकामुलांचंही मेडिकल होतं.

ऑस्ट्रेलियाचं गणित तारखेवर फिरतं. निर्णयाआधी जन्मलेलं बाळ त्याच अर्जात घालता येतं. व्हिसा हातात आल्यावर इथं जन्मलं तर त्याच्यासाठी वेगळा चाइल्ड व्हिसा, वेगळी फी, वेगळं वाट पाहणं. पीआर झालेल्या आईबापांना तिथंच मूल झालं तर ते जन्मतःच तिथलं नागरिक. म्हणून शेवटच्या महिन्यांत माझ्याकडे येणारी कुटुंबं पंचांगासारखी कॅलेंडरं घेऊन बसतात.

मग प्रश्न येतो: पोटात बाळ असतानाच जावं का? विमान कंपन्या एका बाळाच्या गरोदरपणात साधारण 36 आठवड्यांपर्यंत नेतात, शेवटच्या काही आठवड्यांत डॉक्टरांचं पत्र मागतात. नेमका नियम त्या कंपनीकडूनच घ्यावा. पण विमानापेक्षा मला काळजी उतरल्यानंतरची वाटते. ऑंटारियोनं सरकारी आरोग्य विम्याची तीन महिन्यांची प्रतीक्षा 2020 मध्ये काढून टाकली. ब्रिटिश कोलंबियात ती आहे, उरलेला महिना आणि पुढचे दोन. त्या दिवसांत सिझेरियन झालं तर खर्च स्वतःच्या खिशातून. ऑंटारियोतल्या टोरांटोला निघालेल्या सातव्या महिन्यातल्या मुलीला मी पत्र देते. ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकुव्हरला निघालेलीला आधी विम्याचं विचारते.

दोघींनाही एक यादी देते. सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, साखरेची चाचणी, आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन कोणत्या तारखेला दिलं तो कागद. हे सगळं हँडबॅगेत ठेवायचं. लोणच्याच्या बरण्या चेक-इनच्या बॅगेत जाऊ द्या.