संचाची स्मरणशक्ती

हौशी रेडिओचालकाच्या, म्हणजे ‘हॅम’च्या टेबलावरचा संच पहिल्यांदा पाहणारा माणूस हटकून विचारतो, ‘एवढी बटणं लक्षात कशी राहतात?’ खरं उत्तर असं, की सगळी राहत नाहीत. ती संचानं लक्षात ठेवायची असतात आणि काय ठेवायचं, हे आपण त्याला सांगायचं असतं.

या संचाला ट्रान्सीव्हर म्हणतात. बोलणं पाठवायचं आणि ऐकायचं, दोन्ही त्यावरच. पण नुसती फ्रिक्वेन्सी जुळवून काम भागत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ‘लोअर साइडबँड’ आणि १४ वर ‘अप्पर साइडबँड’ असा जगभरचा रिवाज आहे. हे उलटं झालं, तर समोरचा मराठी बोलतोय की जपानी, तेही कळत नाही. डोंगरावरच्या रिपीटरमार्फत बोलायचं, तर १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकायचं आणि पाठवायचं बहुधा त्याच्या ६०० किलोहर्ट्झ खाली. शिवाय पुष्कळ रिपीटरना आपल्या आवाजासोबत एक ठरावीक सूर लागतो, समजा ८८.५ हर्ट्झचा. तो नसला की रिपीटर आपल्याला दारातच उभं करतो. गंमत म्हणजे इतरांचं बोलणं आपल्याला छान ऐकू येत असतं, त्यामुळे चूक कुठे आहे ते सापडत नाही.

म्हणून हे सगळं एकदा शांतपणे जुळवायचं, रिकामा कप्पा निवडायचा आणि मेमरीचं बटण ‘बीप’ वाजेपर्यंत दाबून धरायचं. कंपनीगणिक बटणाचं नाव बदलतं, रीत साधारण हीच. पुढे तो कप्पा निवडला, की फ्रिक्वेन्सी, साइडबँड, सूर, सगळं एकदम हजर. २०१६ साली बाजारात आलेल्या आयकॉम ७३०० या संचात असे ९९ कप्पे आहेत. माझं मत विचाराल, तर दहा पुरेत. मात्र त्यांना नावं द्यावीत. नुसत्या क्रमांकांतून हवा तो शोधत बसणं म्हणजे अंधारात किल्ल्या चाचपणं.

इथे नवशिके फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. कप्प्यात सगळं जात नाही. माइकची पातळी, मोर्सचा वेग, कानात वाजणाऱ्या ‘डिट-डा’ची पट्टी या गोष्टी बहुतेक संचांत कप्प्याच्या नसतात, अख्ख्या संचाच्या असतात. एकाला मिनिटाला वीस शब्दांचा वेग सवयीचा, दुसऱ्याची बोटं बारावरच अडतात. त्यानं वेग बदलला, की पहिल्याची घडी विस्कटली.

एरवी ही कुरबूर घरगुती. पण २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होते. टेलिफोन बंद पडले आणि लोकांच्या खुशालीचे निरोप त्यांच्या संचावरून मुख्य भूमीकडे जाऊ लागले. अशा प्रसंगी एकच माणूस चोवीस तास बसू शकत नाही. पाळी बदलते, नवा माणूस परक्या संचापुढे बसतो आणि बाहेर नातेवाईक उभे असतात. त्या वेळी माहितीपुस्तिका उघडायला कुणाला सवड असते? ज्या मंडळात तीन-चार जण एकच संच वापरतात, त्यांनी संकटकाळचे कप्पे सर्वांनी मिळून ठरवावेत आणि यादी संचावरच चिकटवावी.

बरं, संचाची स्मरणशक्तीही अमर नसते. १९८० च्या दशकातल्या काही संचांत ती एका छोट्या लिथियम बॅटरीवर टिकून असे. बॅटरी संपली की साठवलेलं गेलं. काही संच तर त्यानंतर चालतच नसत. आताच्या संचांना तो धोका नाही, पण ‘फॅक्टरी रीसेट’ आहेच. काहीतरी बिघडलं म्हणून कुणीतरी तो करतो आणि वर्षांची मांडणी क्षणात पुसली जाते. ७३०० सारख्या संचात सगळी मांडणी एसडी कार्डावर उतरवून ठेवता येते. हातातल्या अनेक छोट्या संचांसाठी ‘चर्प’ नावाची मोफत संगणक प्रणाली आहे. केबल जोडायची आणि कप्पे संगणकात घ्यायचे. दोन्ही नसेल, तर चाळीस पानी वही.

आणि उतरवून घेतलेलं परत चढतं का, ते एखाद्या निवांत रविवारी करून बघावं. जे परत आलं नाही, ते त्याच वहीत लिहावं, पेन्सिलीनं, कारण ते बदलणार आहे.