निरोधक, कठिनीकृत काचेचे
उच्च विद्युत् दाबाच्या प्रेषण मार्गावरील तारा पोलादी मनोऱ्यांना टांगताना तारांतील विद्युत् प्रवाह मनोऱ्यात शिरू नये म्हणून मध्ये बसविलेल्या, उष्णता संस्काराने बळकट केलेल्या (‘पाणी दिलेल्या’) काचेच्या तबकड्यांना ही संज्ञा आहे. निरोधकाला प्रवाह अडविणे आणि तारेचे वजन, तिचा ताण व वाऱ्याचा जोर पेलणे अशी दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. तो तुटल्यास तार जमिनीवर येऊन जीवितहानी होण्याचा संभव असतो. म्हणून निरोधकाच्या बळकटीइतकेच तो निकामी झाल्याचे वेळीच कळण्यालाही महत्त्व आहे. या काचेचा मुख्य फायदा याच बाबतीत आहे.

रचना : साध्या काचेचे निरोधक एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या मार्गांवर वापरात होते. विद्युत् दाब वाढत गेल्यावर एकच मोठा निरोधक पुरेना, तेव्हा १९०७ च्या सुमारास एडवर्ड ह्यूलेट व हॅरल्ड बक या अमेरिकन अभियंत्यांनी तबकड्या एकीखाली एक अडकवून माळ करण्याची पद्धत काढली. आजच्या तबकडीच्या माथ्यावर लोखंडी टोपी व पोटात पोलादी पिन सिमेंटने पक्की केलेली असते. वरच्या तबकडीची पिन खालच्या तबकडीच्या टोपीत अडकते. नेहमीच्या तबकडीचा व्यास सु. २५५ मिमी. व दोन तबकड्यांतील अंतर सु. १४६ मिमी. असते. १३२ किव्हो. मार्गावरील माळेत सु. ९, २२० किव्हो. मार्गावर सु. १४, तर ४०० किव्हो. मार्गावर सु. २३ तबकड्या लागतात. प्रदूषित हवेच्या प्रदेशात ही संख्या वाढवितात.

कठिनीकरण : वाळू, सोडा व चुना यांपासून केलेला काचरस साच्यात दाबून तबकडी घडवितात. ती सर्वत्र सारखी तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने निववितात. पृष्ठभाग प्रथम घट्ट होतो; नंतर आतील भाग निवताना आकसू पाहतो व पृष्ठभागाला आत खेचतो. परिणामी पृष्ठभाग कायमचा संपीडनाखाली (दाबाखाली) व अंतर्भाग ताणाखाली राहतो. काच तुटते ती पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरा ताणाने रुंदावल्यामुळे. पृष्ठभागच दाबलेला असल्याने या चिरा वाढत नाहीत व काचेचे बळ कित्येक पटींनी वाढते. मात्र चीर अंतर्भागापर्यंत पोहोचली की, साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होऊन सबंध काचेचे बारीक तुकडे होतात. हाच गुणधर्म वितळलेली काच पाण्यात टाकून केलेल्या ‘प्रिन्स रूपर्टच्या थेंबां’त दिसतो. १६६१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीत दाखविण्यात आले होते. थेंबाचे डोके हातोडीच्या घावाला दाद देत नाही, पण शेपटी मोडताच त्याचा चुरा होतो.

फायदे : चिनी मातीच्या तबकडीत टोपीखाली तडा गेला, तर तो बाहेरून दिसत नाही. अशी तबकडी वरकरणी धड असूनही विद्युत् दृष्ट्या निकामी असते. वीज कोसळून माळेवर ठिणगी पडली की, दोषप्रवाह या तड्यातून वाहतो. आतील उष्णतेने टोपी फुटून माळ तुटू शकते. कठिनीकृत काचेला अशी मधली अवस्था नसते. तबकडी धड तरी असते, नाहीतर तिचे छत्र पूर्णपणे गळून पडते. त्यामुळे गस्त घालणाऱ्याला जमिनीवरून दुर्बिणीने, किंवा हेलिकॉप्टरमधून, सदोष तबकड्या मोजता येतात. प्रत्येक तबकडीची उपकरणाने परीक्षा करावी लागत नाही. चालू मार्गावर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही खात्री मोलाची ठरते, कारण काम सुरू करण्यापूर्वी माळेत पुरेशा धड तबकड्या आहेत की नाहीत हे निश्चित कळावे लागते.

छत्र गळाल्यावरही टोपी व पिन यांमध्ये अडकलेले काचेचे तुकडे दाबून बसलेले असतात. हा उरलेला खुंट मूळ बळाचा बराचसा भाग टिकवितो, म्हणून तार खाली येत नाही. ठिणगीही काचेच्या आतून न जाता टोपी व पिन यांमधील हवेतून जाते व टोपी फुटत नाही. शिवाय काचेचे उष्णतेने होणारे प्रसरण चिनी मातीपेक्षा पोलादाच्या प्रसरणाला अधिक जवळचे असल्याने तापमानाच्या चढउतारांत सांध्यांवर कमी ताण येतो. काच पारदर्शक असल्याने तीतील बुडबुडे व खडे कारखान्यातच दिसून येतात.

मर्यादा : काचेत राहिलेल्या सूक्ष्म खड्यांमुळे एखादी तबकडी आपोआप फुटू शकते, अशा तबकड्या कारखान्यातच फुटून वेगळ्या व्हाव्यात म्हणून त्यांना आलटूनपालटून तापवितात व निववितात. दगडाच्या वा बंदुकीच्या गोळीच्या आघाताने छत्र गळते. समुद्रकाठच्या खारट, दमट हवेत पृष्ठभागावरून झिरपणाऱ्या प्रवाहाने काच झिजते व पिन गंजते; यावर पिनीभोवती जस्ताचे कडे बसवितात. एकदिश प्रवाहाच्या मार्गांवर काचेतील सोडियम आयन (विद्युत् भारित अणू) एकाच दिशेने सरकत राहतात. म्हणून तेथे अधिक रोधाची निराळी काच वापरतात. वजनाने हलक्या व पाणी झटकून टाकणाऱ्या सिलिकोन रबराच्या निरोधकांचा वापर १९८० नंतर वाढला, परंतु त्यांच्या गाभ्यातील दोष बाहेरून सहज दिसत नाहीत. प्रदूषित प्रदेशांत काचेच्या तबकडीवर सिलिकोनाचा लेप देऊन दोहोंचे गुण एकत्र आणता येतात.