दंतचिकित्सालय तपासणी

दंतवैद्याच्या चिकित्सालयातील उपचारांची गुणवत्ता आणि तेथील रुग्ण व कर्मचारी यांची सुरक्षितता विहित मानकांनुसार आहे की नाही, हे अधिकृत यंत्रणेने प्रत्यक्ष पाहून ठरविण्याची पद्धती. उपचारानंतर वेदना थांबली की नाही, हे रुग्णाला कळते. परंतु तोंडात घातलेले उपकरण निर्जंतुक होते की नाही, हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नसतो. नुसते धुतलेले व निर्जंतुक केलेले उपकरण सारखेच चकाकते. त्यामुळे या तपासणीत स्वच्छ दिसणाऱ्या खोलीपेक्षा तेथील कार्यपद्धती व नोंदी यांना अधिक महत्त्व असते.

दातांवरील उपचारांत रक्त व लाळ यांचा संपर्क जवळजवळ अटळ असतो. हिरडी वा हाड भेदणारी उपकरणे, केवळ श्लेष्मकलेला स्पर्श करणारी उपकरणे आणि अखंड त्वचेलाच लागणाऱ्या वस्तू असे तीन वर्ग स्पॉल्डिंग यांच्या वर्गीकरणानुसार करतात. पहिल्या वर्गातील उपकरणांचे निर्जंतुकीकरण अनिवार्य असते. दात कोरण्याचा हातयंत्र (हँडपीस) हाड भेदत नसला, तरी त्याच्या आतील पोकळीत लाळ व रक्त शोषले जाऊ शकते. म्हणून तो केवळ पुसून पुढील रुग्णासाठी वापरणे हा गंभीर दोष मानतात. उपकरणे प्रथम घासून वा श्राव्यातीत ध्वनितरंगांनी स्वच्छ करून, वेष्टनात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबयुक्त वाफेच्या पात्रात, ठेवतात. १३४° से. तापमानास किमान ३ मिनिटे किंवा १२१° से. तापमानास किमान १५ मिनिटे ही सर्वसाधारण प्रमाणे होत. वेष्टनावरील पट्टीचा रंग पालटला, तरी त्यावरून वेष्टन तापले एवढेच सिद्ध होते. जंतू खरोखर मेले की नाहीत, हे उष्णतेस दाद न देणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू पात्रात ठेवून व नंतर त्यांची वाढ होते का ते पाहून ठरवितात. अमेरिकेत ही चाचणी आठवड्यातून एकदा करण्याची शिफारस आहे. त्या देशातील ओक्लाहोमा राज्यात २०१३ साली एका चिकित्सालयाच्या सुमारे ७,००० रुग्णांना रक्त तपासून घेण्याचे आवाहन करावे लागले; ही चाचणी तेथे सहा वर्षे झालेली नव्हती, असे राज्याच्या दंत मंडळाच्या तक्रारीत नमूद होते. यकृतशोथ-सी या रोगाचे विषाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्याचे एक उदाहरण तेथे जनुकीय परीक्षणाने सिद्ध झाले.

पाण्याचा प्रश्न याहूनही सहज दृष्टीआड होतो. दंतखुर्चीच्या अरुंद नळ्यांत पाणी रात्रभर व सुटीच्या दिवशी साचून राहते आणि आतील पृष्ठभागावर जिवाणूंचा चिकट थर जमतो. इटलीमध्ये २०११ साली एका ८२ वर्षांच्या स्त्रीचा लीजनेअर रोगाने मृत्यू झाला, त्याचा उगम अशाच नळ्यांत आढळला. २०१६ साली कॅलिफोर्नियातील एका बालदंतचिकित्सालयात दातातील मगजावर उपचार झालेल्या अनेक बालकांना पाण्यातील जिवाणूंमुळे जबड्याचे तीव्र संक्रामण झाले. साध्या उपचारांसाठीही प्रति मिलिलिटर ५०० पेक्षा अधिक जिवाणू-वसाहती असलेले पाणी वापरू नये, प्रत्येक रुग्णानंतर नळ्यांतून २० ते ३० सेकंद पाणी वाहू द्यावे आणि शस्त्रक्रियेत केवळ निर्जंतुक द्रावच वापरावा, असे संकेत आहेत.

मात्र निर्जंतुक द्रावाची बाटली उघडल्यावर ती कशी हाताळली जाते, यावर सर्व काही अवलंबून असते. तमिळनाडूतील वाणियंबाडी येथे २०२३ मध्ये एका दंतचिकित्सालयात उपचार घेतलेल्या १० जणांना मेलिऑयडोसिस या रोगाने मेंदूस इजा झाली व त्यांपैकी ८ दगावले. रोगकारक जिवाणू वापरात असलेल्या लवणजलाच्या बाटलीत सापडले. बाटली उघडण्यासाठी निर्जंतुक न केलेले शस्त्र वापरले जाई आणि उरलेले द्रावण पुन्हा उपयोगात आणले जाई.

यांशिवाय क्ष-किरण यंत्र, भूल दिल्यावर उद्‌भवणाऱ्या आपत्तीसाठी प्राणवायू व ॲड्रेनॅलीन, औषधांची मुदत, रुग्णाची संमती व रोगवृत्त यांचीही पाहणी होते.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन या संस्थेकडे दंतचिकित्सालयांची नोंदणी एप्रिल २०११ पासून आवश्यक झाली. सेवा सुरक्षित, परिणामकारक, सहृदय, गरजेनुरूप व सुव्यवस्थापित आहे का, या पाच प्रश्नांभोवती तेथील तपासणी रचण्यात आली. रुग्णालयांप्रमाणे श्रेणी मात्र दंतचिकित्सालयांना न देण्याचे धोरण ठेवले गेले. भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने नोंदणी केली ती दंतवैद्याची, त्याच्या चिकित्सालयाची नव्हे. चिकित्सालयांच्या नोंदणीसाठीचा केंद्रीय अधिनियम २०१० साली झाला. परंतु आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो राज्यांनी स्वीकारल्यासच लागू होतो, व महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम मुख्यतः रुग्ण ठेवून घेणाऱ्या गृहांसाठी आहे. परिणामी येथील तपासणी विखुरलेली आहे : क्ष-किरण यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येते, तर २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचऱ्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख असते. वापरलेली सुई पांढऱ्या अभेद्य डब्यात पडली की नाही, हे पाहणारी यंत्रणा आहे. ती सुई ज्या खोलीत वापरली, तेथील ऑटोक्लेव्हची नोंदवही नियमितपणे उघडून पाहण्याचे काम मात्र या दोहोंपैकी कोणाकडेच नाही.