शुद्ध स्पेलिंग ठरवितो कोण?

इंग्रजी शिकणाऱ्या मुलानें 'कलर' हा शब्द यू वगळून लिहिला, कीं आपल्याकडे त्याखालीं बहुधा लाल रेघ ओढली जाते. न्यू यॉर्कमधील मुलानें तोच यू घातला, तर त्याच्याही वहींत तशीच रेघ उमटण्याचा संभव आहे. मग या दोहोंपैकीं शुद्ध तें कोणतें? कोशांत असेल तें शुद्ध, हें उत्तर सहज सुचतें. परंतु कोशांचा इतिहास पाहिला म्हणजे तें टिकत नाहीं.

सॅम्युएल जॉन्सनचा सुप्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाला. त्यांत 'म्यूझिक' व 'पब्लिक' या शब्दांच्या शेवटीं सीनंतर के आहे. 'एरर', 'एम्परर', 'गव्हर्नर' या शब्दांत शेवटच्या आरपूर्वीं यू आहे. एवढ्या मोठ्या पंडिताचा आधार असूनही पुढें खुद्द इंग्लंडनेंच तो के सोडला, आणि या तीन शब्दांतला यूही सोडला. 'कलर' व 'ऑनर' यांतला यू मात्र राहिला. हा भेद नियमानें केलेला नाहीं. तो हाताला पडलेल्या वळणानें केला.

अमेरिकेंत नोआ वेब्स्टरनें १८०६ व १८२८ सालच्या आपल्या कोशांतून तोही यू काढला, आणि 'सेंटर' या शब्दाच्या शेवटचीं आर-ई हीं अक्षरें उलटवून ई-आर अशीं केलीं. देश स्वतंत्र झाला, तसें त्याचें लेखनही स्वतंत्र असावें, ही त्याची तळमळ होती. हे बदल तेथें रूढ झाले. परंतु जीभ या अर्थाचा 'टंग' हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, ही त्याचीच सूचना लोकांनीं स्वीकारली नाहीं.

१९०६ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं तर ३०० शब्द सुलभ स्पेलिंगांत छापण्याची आज्ञा सरकारी छापखान्यास केली. वृत्तपत्रांनीं थट्टा आरंभिली, प्रतिनिधिगृहानें विरोध केला, आणि त्याच वर्षीं ती आज्ञा मागें घ्यावी लागली.

तात्पर्य, पंडित सुचवितो, सत्ताधीश फर्मावितो. निवाडा मात्र लिहिणाऱ्या असंख्य हातांचा असतो. याचा अर्थ मनास येईल तसें लिहावें, असा नव्हे. एका लेखांत एकच रीत पाळावी, म्हणजे वाचणारा अडखळत नाहीं. शिक्षकानेंही वहींत रेघ अवश्य ओढावी. परंतु मुलाला त्याचें अज्ञान दाखविण्याऐवजीं, ही दुसऱ्या देशाची रीत आहे, एवढें सांगावें. त्यानें मुलाचा धीर खचत नाहीं, आणि भाषा कशी चालते हेंही त्यास कळतें.